भोपळा, वाल आणि थोडंसं चीज

रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रांजली नोकरी सोडून घरी आली. उरणला बंदराशेजारच्या एका कचेरीत कंटेनरच्या नोंदी ठेवायची. मी विचारलं, का सोडलीस? म्हणाली, "पप्पा, पेट्या कुठून आल्या नि कुठे गेल्या, एवढंच दिवसभर लिहायचं. आत काय आहे ते कधी बघायलाच मिळत नाही."

वाक्य बरं होतं. मी मनात ठेवून दिलं.

आता तिचा बेत असा. आमचं घर आगरदांड्याच्या जेट्टीच्या रस्त्यावर. दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी शनिवार-रविवार मुंबईच्या गाड्यांची रांग आमच्या पडवीपर्यंत येते. गाडीत पोरं भुकेने रडत असतात आणि आईबाप त्यांच्या तोंडात वेफर्स कोंबत असतात. या पोरांना प्रांजली मॅकरोनी-चीज खायला घालणार. पण घरचं, मैद्याशिवाय, कमी चीजचं, आणि आपल्या मसाल्याचं तिखट. शिवाय मुरूडच्या वाटेवर केतनभाईंचं रिसॉर्ट आहे. त्यांनी रोजची ऑर्डर दिली तर प्रश्नच मिटला. "होळीपर्यंत बघते," म्हणाली. "जमलं तर इथेच राहीन. नाही तर उरणचे साहेब परत घेतो म्हणालेत."

मला ती इथे राहायला हवी आहे. हे मी तिला सांगितलं नाही. मी म्हणालो, "या पदार्थाला नलिकान्न म्हणावं."

ती म्हणाली, "तुमचं संस्कृत शाळेपुरतं पुरे आहे, पप्पा. पदार्थाला तरी लोकांना कळेल असं नाव राहू द्या."

गुरुवार, २३ जानेवारी

पहिला प्रयोग. मैद्याऐवजी नाचणीचं पीठ तुपावर भाजून त्यात दूध घातलं. सॉस असा झाला की हत्ती आंघोळ करून गेल्यावर डबक्यात जे उरेल ते. चव वाईट नव्हती, पण डोळे मिटून खावं लागत होतं. आणि गिऱ्हाइकाला डोळे मिटून पैसे द्यायला सांगता येत नाही, असं मी म्हणालो. ती खूप हसली.

कांदा चिरायचं काम माझ्याकडे आहे. अलिबागचा पांढरा कांदा, गोडसर. मी शाळेत संस्कृत शिकवतो, त्यामुळे चिरताना जरा विचार करतो. "आत्या, बघ गं," प्रांजली ओरडली, "पप्पा कांदा चिरत नाहीत, संधिविग्रह करतात!" आत्या म्हणजे माझी थोरली बहीण इंदू, मी तिला आक्का म्हणतो, शेजारच्या घरात राहते. संधिविग्रह काय ते आक्काला ठाऊक नाही, पण तीही हसली. चेष्टा कळायला तिला शब्द लागत नाहीत.

प्रांजलीची आई रचना गेल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, या स्वयंपाकघरात इतका आवाज झाला नव्हता.

बुधवार, २९ जानेवारी

नाचणी गेली, तांदळाचं पीठ आलं. रंग सुधारला, पण दाटपणा येईना. दाटपणासाठी चीज वाढवलं की तो तिचा 'घरचा, बरा' पदार्थ राहत नाही. मग तिने लाल भोपळा वाफवून घोटला. रंग असा आला की पाकिटावरचं चित्र लाजेल. भोपळ्याने गोडवा आला, तो मोडायला लसूण आणि घरचा मसाला. एवढं झाल्यावर तिला वाटलं की पोरांच्या पोटात काहीतरी कसदारही जायला हवं, म्हणून मोड आलेले वाल उकडून त्यात वाटले. आणि सगळं पातेलं कडू झालं.

आक्का डोकावली. "सालं काढलीस न्हाय?"

"वाटलेत ना आत्या, सालं कळत नाहीत."

"तुला न्हाय कलत. जिभेला कलतात."

वाल सोलायला मग आम्ही तिघं बसलो. आक्काने जाताना तिचा डबा मागितला, परवाच्या माशांच्या कालवणाचा. तो खरकटाच होता. प्रांजलीने तसाच दिला, तिने तसाच नेला.

रविवार, २ फेब्रुवारी

साल काढलेल्या वालांनी किमया केली. सॉस आता चमच्याला चिकटून राहतो. वरून शिळा पाव कुस्करून, लसणीच्या तिखटात परतून घालायचा, तो कुरकुरतो. चीज आहे, पण नावापुरतं. प्रांजली म्हणते, नावापुरतं नाही, वासापुरतं. भुकेल्या माणसाला वास आधी लागतो.

आज पडवीत टेबल मांडलं. पहिली प्लेट एका पोराने घेतली, त्याच्या बापाने चाखली, मग बापाने स्वतःसाठी एक घेतली. आई गाडीतून उतरली नाही. खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाली, "थोडं इकडे पण." दुपारी पातेलं रिकामं. जो उशिरा आला त्याला आधीच कालवून बाजूला ठेवलेली प्लेट दिली, तर ती दगड झाली होती. मॅकरोनी सॉस पिऊन टाकते. प्रांजली म्हणाली, "यापुढे दोन्ही वेगळी ठेवायची. वाढताना एकत्र करायची." तिने लिहून नाही ठेवलं कुठे. तिच्या हातांना आपोआप लक्षात राहतं. आईसारखं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

केतनभाई येऊन खाऊन गेले. "सर, तमारी दीकरी तो जादूगर छे," म्हणाले. रिसॉर्टवर येणारी मुंबईची पोरं इथलं काही खात नाहीत, हे त्यांचं जुनं दुखणं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पुढच्या आठवड्यात ते राजकोटला लग्नाला जाणार. परत आल्यावर, सोमवारी २४ तारखेला, बसून पक्कं करू म्हणाले. सीझन संपेपर्यंत रोज.

मी विचारलं, "भोपळ्याचं सांगितलंस त्यांना?"

"सोमवारी सांगते, सगळं. आधी जिभेला पटलं ना, आता डोक्याला पटवायचं. मी त्यांना म्हणणार आहे, मेनूवरच लिहू या, भोपळा आणि वाल घालून. लपवायचं कशाला? पण तोवर तुम्ही कुठे बोलू नका, पप्पा."

"मी कुठे बोलतो? मी तर लिहितो."

ती हसली. मीही.

केतनभाईंच्या घरून मागे ढोकळ्याचा डबा आला होता. तो देताना तिने आत मूठभर साखर घातली. मी म्हटलं, आक्काचे डबे आपण खरकटे परत करतो आणि यांना साखर? म्हणाली, "आत्या आपली आहे. परक्याचा डबा रिकामा द्यायचा नसतो." हे तिला रचनाने शिकवलं असणार. माझ्या शिकवण्यातलं एवढं कुणाच्या लक्षात राहत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

जिल्ह्याच्या दैनिकात माझं रविवारचं सदर असतं. बातम्या तर मी तालुक्यातून पाठवतोच, पण लोक ओळखतात ते सदरामुळे. या आठवड्यात काही घडलंच नाही. एक फेरीबोट बंद पडली, ती लगेच सुरूही झाली. संपादकांचा फोन आला. "जय भीम सर. मजकूर?" म्हटलं, उद्या देतो. "सर, गेल्या दोन खेपा जरा थंड होत्या."

थंड! नारळपाणी आहे का ते?

पूर्वी लेख आधी रचनाच्या हातात जायचा. ती पेन घेत नसे. फक्त एखाद्या ओळीवर भुवई वर जायची, आणि ती ओळ मी काढून टाकायचो, कुरकुर करत. आता घरात भुवई नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

जमला. एका बैठकीत जमला. असा लेख वर्षातून एखादाच उतरतो. कुणावर टीका नाही, राजकारण नाही, सगळा घरगुती. शिवाय पोरीच्या धंद्याची आपसूक जाहिरात. पाठवून दिला. तिला दाखवला नाही. रविवारी एकदम बघू दे.

रविवार, २३ फेब्रुवारी

सकाळपासून फोन थांबत नाही. मुरूडच्या तहसील कचेरीतल्या लोकांनी मोठ्याने वाचला म्हणे. शाळेच्या ग्रुपवर, गावाच्या ग्रुपवर, कुणीतरी मुंबईच्या ग्रुपवरही टाकला. एवढी दाद मला आजवर मिळाली नव्हती. म्हणून थोडा उतरवून ठेवतो:

'आमच्या घरी सध्या एक विलायती पाहुणा उतरला आहे. नाव मॅकरोनी-चीज. यातली मॅकरोनी डोळ्यांना दिसते. चीज मात्र परमेश्वरासारखं आहे. आहे म्हणतात. भक्ताने शोध घेऊ नये. पण आमच्या घरात देव्हारा नाही, त्यामुळे मी शोध घेतला. पातेल्यात खोल उतरलो, तेव्हा तिथे लाल भोपळा सापडला, वेष पालटून बसलेला. त्याच्या पाठीमागे वाल लपले होते. घरी ज्या भोपळ्याला बघून मुंबईकर नाक मुरडतात, तोच भोपळा ते आमच्या जेट्टीवर परदेशी नावाने मागून मागून खातात. माझी कन्या पूर्वी उरणला पेट्या मोजायची, आत काय आहे ते न बघता. तोच गुण तिने आता गिऱ्हाइकांना लावला आहे.'

शेवटची दोन वाक्यं मला स्वतःला फार आवडली. त्यांत एक वळसा आहे. चांगल्या समासात असतो तसा.

प्रांजलीने उभ्यानेच वाचला. मी चहाचा कप हातात धरून तिच्याकडे बघत होतो.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. पेपर घडी करून जिथल्या तिथे ठेवला, आणि पातेलं घासायला घेतलं. पातेलं स्वच्छच होतं. या बाबतीत ती आईवर गेली आहे. रचनाही अशी मध्येच भांडी काढून बसायची.

आक्काला मी मुद्दाम वाचून दाखवला. ती ऐकत होती, पण डोळे मोरीकडे.

"हसली का पोर?"

"हसली की."

"दातांनी हसली," आक्का म्हणाली.

आक्काला विनोद कळतो असं मी मागे लिहिलं आहे. आज ते थोडं मागे घेतो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

केतनभाई आले नाहीत. फोन आला. प्रांजलीने स्पीकरवर ठेवला, का ते कळलं नाही. बहुधा मला ऐकू यावं म्हणून.

"बेन, लेख तो एकदम मस्त. मारी वाइफ खूप हसली हां. सरना बोल, सुपर. पण हवे शुं करवुं, आता काय करायचा? एका गेस्टने आजच मला दाखवला. बोलतो, तुमच्या इथे पनीरमध्ये पण भोपळा आहे का?"

"केतनभाई, मी आज तेच सांगणार होते. मेनूवरच लिहायचं होतं मला."

"मने खबर छे. तू सांगितली असती. लेखाआधी सांगितली असती ने, तर मीच बोर्ड लावला असता, हेल्दी म्हणून. आता लावला तर लोक काय बोलणार? पकडला, म्हणून लिहिला. समजते ना? थोडा थांबू. लोक विसरला की बघू."

"होळीपर्यंत विसरतील?"

पलीकडे केतनभाई खाकरले. मग, "तू हुशार छोकरी आहेस, बेन."

तिने फोन ठेवला. मी म्हणालो, "व्यापारी माणूस आहे, भाव पाडतोय. येईल परत."

ती म्हणाली, "पप्पा, ते पेट्यांचं मी तुम्हाला सांगितलं होतं. पेपरला नव्हतं."

"अगं, वाक्य चांगलं होतं म्हणूनच घेतलं."

मला वाटलं यावर ती काही बोलेल. एरवी मी एक बोललो की ती दोन बोलते. ती वाल सोलायला बसली. मीही शेजारी बसलो. बराच वेळ आम्ही वाल सोलले, आणि मग लक्षात आलं की उद्यासाठी एवढे लागणारच नाहीत.

शनिवार, १ मार्च

गाड्यांची रांग भरपूर. पडवीशी लोक थांबतात, पण विचारतात वेगळंच. "हीच का ती भोपळावाली?" फोटो काढतात. एक जण हसत म्हणाला, "चीज दाखवा आधी, दर्शन घेऊ द्या." माझंच वाक्य, आणि माझ्यापेक्षा वाईट म्हटलं. दोघा-तिघांनी घेतली, तीही चाखायला कमी आणि तपासायला जास्त. एका बाईने चमच्याने सॉस बाजूला सारून वालाचा दाणा शोधला. वाटलेल्या वालाचा दाणा कसा सापडणार?

पातेलं अर्धं राहिलं. आम्ही आणि आक्का तेच जेवलो. चव तीच होती. हे मी तिला सांगितलं. "चव तीच आहे गं." "हो," ती म्हणाली.

यावर उपाय आहे. ज्या सदराने गाठ बसली त्याच सदराने सोडवायची. वाल आणि भोपळा यांचे गुण, थोडे आयुर्वेदाचे दाखले, विनोद बेताचा.

रविवार, ९ मार्च

दुसरा लेख छापून आला. 'भोपळ्याची क्षमा मागून' असं शीर्षक. मनापासून लिहिला होता. वाल किती पौष्टिक, लाल भोपळा डोळ्यांना किती हितकर, आणि माझी कन्या फसवत नसून आरोग्यदान करते. लोकांना हा पहिल्यापेक्षाही विनोदी वाटला. 'सर, काय उपरोध!' असा एका मुख्याध्यापकांचा संदेश आला. उपरोध नव्हता. पंचवीस वर्षं मी या भागातल्या लोकांना शिकवत आलो की रत्नपाल जे लिहितो त्याचा अर्थ उलटा घ्यायचा. आता सरळ लिहिलं तर ते कुणाला वाचता येत नाही.

प्रांजली म्हणाली, "पप्पा, आता नका लिहू. एवढं कराल?"

'कराल' म्हणाली. विनंतीसारखं. ती नेहमी 'बास हां पप्पा' म्हणते.

मंगळवार, ११ मार्च

मी केतनभाईंकडे जाऊन आलो. तिला न सांगता. त्यांनी चहा पाजला, लेखाची कात्रणं त्यांच्या काउंटरच्या काचेखाली होती, ती दाखवली. म्हटलं, चूक माझी आहे, तिची नाही. "सर, चूक कोणाचीच नाय," ते म्हणाले. "तुम्ही छान लिहिला, ती छान बनवते. पण बे साथे चालतुं नथी. दोन्ही एकत्र नाय चालत."

वाटेत समुद्र ओहोटीला होता. एरवी अशा वेळी एखादं वाक्य सुचतं.

गुरुवार, १३ मार्च

आज होळी. वाडीतली पोरं संध्याकाळी लाकडं मागत फिरत होती. आमच्या दारात आली तेव्हा प्रांजलीने पडवीतलं टेबल दाखवलं. "हे घेऊन जा." मी म्हटलं, "अगं, चांगलं टेबल आहे." आक्का म्हणाली, "न्यायचं न्हाय ते. ठेवा." पोरं घोटाळली, मग दोन फळ्या घेऊन गेली. टेबल राहिलं.

उरणच्या साहेबांशी तिचं बोलणं झालं आहे. सोमवारपासून ये म्हणाले.

मी म्हटलं, "होळीपर्यंतचीच बोली होती. आपण पाळली." हसावं म्हणून म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

रविवार, १६ मार्च

एसटीवर सोडायला गेलो. आक्काने तिला मसाल्याची बरणी दिली, वर फडकं बांधून. प्रांजली तिच्या गळ्यात पडली. मला नमस्कार केला. आमच्यात ती पद्धत कमी आहे, म्हणजे आमच्या दोघांत. ती जाताना नेहमी माझा चष्मा काढून पुसून परत लावते आणि म्हणते, "आता नीट बघा." आज चष्मा तसाच राहिला. गाडी सुटल्यावर मीच पुसला.

या आठवड्यात सदर पाठवलं नाही. प्रकृतीचं कारण दिलं.

गुरुवार, २० मार्च

शाळेतून येताना मुरूडच्या बाजारातून भोपळ्याची फोड आणली. वाल घरात भिजलेले होतेच, आक्काकडचे. मॅकरोनीचं पाकीट तिने फळीवर ठेवलेलं होतं, अर्धं.

किती सोपं वाटत होतं ते, तिचं बघताना. वाल सोलायलाच संध्याकाळ गेली, सालं नखात गेली. भोपळा पातेल्याला लागला. तांदळाच्या पिठाच्या गुठळ्या झाल्या, त्या चाळणीतून काढल्या. मसाला किती? तिच्या हाताला ठाऊक होतं, माझ्या नाही. आक्का दारात उभी होती. मी तिसरा चमचा उचलला तेव्हा ती खोकली. तिसरा चमचा परत बरणीत.

झालं तेव्हा चाखलं. तिची चव नव्हती. पण तिच्या चवीचं लांबचं नातं लागत होतं. रविवारी उरणला घेऊन जाणार.

रविवार, २३ मार्च

पहाटे उठून पुन्हा केली. स्टीलच्या डब्यात भरली, वर पावाचा चुरा, फडक्यात बांधली. मुरूड, अलिबाग, पेण, मग उरण. गाड्या बदलताना डबा एकदाही हातातून सोडला नाही. पेणच्या स्टँडवर एका बाईने विचारलं, "काय आहे, प्रसाद का?" म्हटलं, हो.

प्रांजली एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. नूतन नाव तिचं, दिघीची. नूतनने दार उघडलं. प्रांजली आतून आली, म्हणाली, "या ना पप्पा, बसा." खुर्ची पुढे केली. पाणी आणलं, पेला ताटलीत ठेवून. "चहा घेणार का?"

घरी असताना तिने मला हे कधी विचारलं नाही. आमच्याकडे चहा विचारत नाहीत, समोर आदळतात.

डबा उघडला. मॅकरोनीने वाटेत सगळा सॉस पिऊन टाकला होता. एकच गोळा, डब्याच्या आकाराचा. कुरकुरीत पाव भिजून त्याचा लगदा झालेला. मला आठवलं की दोन्ही वेगळी न्यायची असतात. हे मला ठाऊक होतं. मीच लिहून ठेवलं आहे मागे.

मी वाट बघत होतो. या गोळ्यावर बोलण्यासारखं इतकं होतं! मला स्वतःला उभ्याउभ्या चार गोष्टी सुचल्या, चारही चांगल्या. एकही बोललो नाही. म्हटलं, आज तिची पाळी. तिने बोलावं, भरपूर बोलावं, नूतनसमोर बोलावं.

तिने सुरीने गोळ्याचे तुकडे केले, थोडं दूध घालून गरम केला, तिघांना वाढला. शांतपणे सगळं खाल्लं. मला राहवेना. विचारलं, "कसं झालंय?"

"छान झालंय. कशाला एवढा त्रास घेतलात?"

"कांदा बघितलास का? संधिविग्रह बरा जमलाय?"

"हो," ती म्हणाली, आणि हसली. आक्काने सांगितलेलं दातांचं हसणं मला तेव्हा दिसलं.

इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या. कचेरीत आता तिला वरची जागा देणार आहेत. चांगलं आहे. नूतन म्हणाली, "काका, प्रांजली खोलीत ही मॅकरोनी कधी बनवतच नाही. मी सारखी मागते." प्रांजलीने विषय बदलला. पेणची गाडी चुकेल म्हणून मी उठलो. ती खालपर्यंत आली, डबा घासून, पुसून, पिशवीत घालून दिला. "जपून जा पप्पा. पोचलात की फोन करा."

गाडीत डबा मांडीवर होता. हलवला की आत काहीतरी सळसळत होतं. चुरा राहिला असेल म्हटलं.

सोमवार, २४ मार्च

संपादकांचा फोन. "सर, रविवारी वाचक विचारत होते. येतंय ना या खेपेला?" मी म्हणालो, सध्या नाही. "काही घडलं नाही का तालुक्यात?" घडतंय की, म्हटलं, रोज घडतं. दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

दुपारी आक्का आली, काल डबा तिचाच नेला होता, तो मागायला. पिशवीतून काढून दिला. तिने तिथेच झाकण उघडलं.

आत साखर होती. मूठभर.

मी म्हणालो, "आपल्या घरातली साखर संपली असेल असं वाटलं असेल तिला. विचार करते पोर."

आक्काने माझ्याकडे बघितलं. मग झाकण लावलं, घट्ट, दोन्ही हातांनी. डबा घरी नेला नाही. आमच्याच फळीवर ठेवला, मॅकरोनीच्या रिकाम्या पाकिटाशेजारी.

"र्‍हाऊ दे हितंच," म्हणाली. "ही साखर चहात घालू नको, रतन."